बर्फातला चफ, चेंबूरचा कावळा

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथ चढलात की सुमारे ३६८० मीटरवर, बर्फात चफ भेटतो. पिवळी चोच, लाल पाय, बाकी काळाकुट्ट. आपल्या कावळ्याचाच भाऊबंद! मी धडाधड फोटो काढले. घरी येऊन पाहते तर बर्फ राखाडी, पक्षी म्हणजे नुसता काळा डाग. फ्रेमभर पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो, प्रकाश कमी करतो.

मग सराव चेंबूरलाच. गच्चीच्या पांढऱ्या कठड्यावर आई कावळ्याला पोळी ठेवते, तिथे रोज ऑफिसआधी. एक्सपोजर प्लस एक, कधी दीड. त्याहून जास्त केलं की पांढरं पार उडतं. एका सकाळी पंखांवर चक्क निळी-जांभळी झाक दिसली! इतकी वर्षं पाहूनही न दिसलेली. तेव्हा बॉस, बर्फाचं तिकीट नंतर. आधी कठडा गाठा!