बर्फाची घाई

हवाईत बर्फ पडतो हे आईला विमान हिलोत उतरेपर्यंत पटलं नव्हतं. "समुद्र, नारळ, आणि वर बर्फ? काहीतरीच तुझं," असं म्हणत तिने बॅगेतून स्वेटर काढून ठेवले होते. ते मी गुपचूप परत भरले.

दोन वर्षांसाठी मी सिअ‍ॅटलला प्रोजेक्टवर आहे. आई-बाबा बेळगावहून हिवाळ्यात राहायला आले आणि तिथल्या राखाडी आभाळाला आठ दिवसांत कंटाळले. म्हणून जानेवारीत आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर गेलो. लोक तिथे समुद्रासाठी जातात, नाहीतर किलाउएआचा ज्वालामुखी बघायला. मला मौना केआ नावाच्या डोंगरावर जायचं होतं, आणि त्याचं कारण टिळकवाडीत होतं. माझा चौदा वर्षांचा भाचा.

आम्ही मामा-भाचे पोकेमॉन खेळतो. टीव्हीवरचं कार्टून नव्हे, स्पर्धेत खेळतात तो खेळ. दोघांकडे सहा-सहा पोकेमॉन असतात. समोरच्याचे सहाही आधी बघायला मिळतात, मग त्यांतले चार निवडायचे आणि दोघांना सलामीला पाठवायचं. सलामीची जोडी चुकली की पुढचा डाव सावरताना घाम फुटतो, अगदी क्रिकेटसारखं. या खेळात हवामानालाही महत्त्व आहे. काही पोकेमॉन मैदानात आले की आपोआप पाऊस सुरू होतो, काहींमुळे ऊन, काहींमुळे वाळूचं वादळ, काहींमुळे बर्फ. ते हवामान पाच फेऱ्या टिकतं आणि तेवढ्या वेळात ज्याला त्याचा फायदा घेता येईल त्याने घ्यायचा.

माझी लाडकी नाइनटेल्स. नऊ शेपट्यांची पांढरी कोल्हीण, अलोला प्रदेशातली. २०१६ मध्ये 'सन' आणि 'मून' हे गेम आले, त्यांतला अलोला हा उघडउघड हवाईवरून रचलेला आहे. त्यातल्या एका बेटावर बर्फाचा लानाकिला डोंगर आहे आणि दुसऱ्या शिखरावर वेधशाळा. मौना केआचा फोटो पाहिला की दोन्ही आठवतात. लानाकिलाच्या पायथ्याशी ही कोल्हीण लहान रूपात सापडते, पण बर्फ पाडण्याचा गुण सगळ्यांत नसतो. तो मिळवायला मी तेव्हा पुण्याच्या खोलीवर तीन संध्याकाळी एकाच ठिकाणी उभा होतो. समोरचीला मदतीला हाका मारायला लावायचं, आलेल्या नव्या कोल्हिणीला तपासायचं, पुन्हा तेच. (एवढी चिकाटी अभ्यासात दाखवली असतीस तर, हे वाक्य आई अजून म्हणते.)

नाइनटेल्सचं वैशिष्ट्य तिचा वेग. हवामान बदलणाऱ्यांत बहुतेक जण मंद असतात. पाऊस आणणारा पेलिपर वेगात ६५, ऊन आणणारं टॉर्कोल नावाचं कासव तर फक्त २०. नाइनटेल्स १०९. ती आली की बर्फ पडतो, आणि बर्फ असेल तरच चालणारी एक चाल तिच्याकडे आहे, ऑरोरा व्हेल. त्या पडद्यामागे आपल्या दोघांनाही कमी मार बसतो. ती वेगवान असल्यामुळे समोरच्याने हात उचलण्याआधी पडदा तयार. म्हणून मी भाच्याला सांगून टाकलं, "नाइनटेल्स सलामीला. पहिल्या फेरीत व्हेल. डोळे मिटून."

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मित्रांनी एक छोटी स्पर्धा ठेवली. हा अंतिम फेरीत पोचला. समोर सलामीला पेलिपर. याने डोळे मिटून व्हेल दाबलं, आणि स्क्रीनवर आलं की चाल फसली. मैदानात पाऊस पडत होता.

चूक माझी होती. दोन्ही हवामानवाले एकाच वेळी मैदानात आले की ज्याचा वेग जास्त त्याचा गुण आधी लागू होतो. म्हणजे नाइनटेल्सचा बर्फ पडतो, आणि लगेच मंद पेलिपर त्यावर पाऊस पाडतो. टिकतो तो पाऊस. माझ्यासारख्या दिवसभर डेटाबेसशी खेळणाऱ्याला हे सांगायची गरज नव्हती. एकाच जागी दोघांनी लिहिलं तर शेवटी लिहिणाऱ्याचं राहतं. हा नियम मला माहीत होता, मी फक्त तो सांगितला नव्हता. पेलिपर यादीत दिसला की नाइनटेल्सला मागे ठेवायचं, पाऊस पडू द्यायचा, मग तिला आत आणायचं. ती उशिरा आल्यामुळे आता बर्फ टिकतो. आणि व्हेल एकदा लागलं की नंतर बर्फ गेला तरी ते आपली मुदत पुरी करतं. एवढी दोन वाक्यं मी खाल्ली.

पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. ताई म्हणाली, "गेम आहे रे, विसरेल." तो विसरला नाही. तिसऱ्या दिवशी मी फोनवर कबूल केलं की खऱ्या लानाकिलावर जाऊन खऱ्या बर्फात उभा राहून तुला व्हिडिओ पाठवतो.

हिलोत उतरलो तेव्हा पाऊस होता. दुसऱ्या दिवशीही होता. या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि बेटाच्या पश्चिम अंगाला, शंभर-एकशेदहा किलोमीटरवरच्या कावाइहाएला, जेमतेम अडीचशे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला आपटून हिलोवर सगळं रितं करतात, पलीकडे कोरडे पोचतात. बाबांना हे समजावायची गरज पडली नाही. "म्हणजे कणकुंबी आणि अथणी," ते म्हणाले. आमच्या एकाच जिल्ह्यात चोर्ल्याच्या तोंडाशी कणकुंबीला पावसाळाभर कपडे वाळत नाहीत आणि अथणीकडे लोक आभाळाकडे बघत बसतात.

आई गुडघ्यांमुळे हिलोतच राहिली. बाबा आणि मी दुपारी तीनला चार चाकांना ताकद देणारी भाड्याची गाडी घेऊन निघालो. हा रस्ता मी कधी विसरणार नाही. गाव संपलं की ओलं जंगल, वायपर जोरात. मग ढगातच शिरलो, आणि दोन्ही बाजूंना काळ्या लाव्ह्याचं रान, त्यात नुसतं धुकं. मग अचानक ढग खाली राहिले आणि वर लख्ख ऊन. तासाभरात तीन हवामानं. इथे साधारण दोन-अडीच हजार मीटरवर उबदार हवेचं झाकण असतं, ढग त्याच्या वर सहसा जात नाहीत. म्हणूनच जगातल्या मोठ्या दुर्बिणी या डोंगरावर आहेत.

रस्ता वळतो तिथे बाबांनी विचारलं म्हणून मी सांगितलं, की इथेच २०१९ मध्ये मूळ हवाईयन लोक महिनोन्‌महिने रस्ता अडवून बसले होते. वर तीस मीटरची नवी दुर्बीण बांधायची होती, त्यात भारतही भागीदार आहे, पुण्याची आयुका त्या कामात आहे. आणि हा डोंगर त्यांना देवासारखा. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "सौंदत्तीच्या डोंगरावर कुणी बांधायला आलं तर आपण काय केलं असतं?" एवढंच म्हणाले. विज्ञानाचे शिक्षक होते ते, तीस वर्षं. मला उत्तर सुचलं नाही.

२,८०० मीटरवर पर्यटकांसाठी केंद्र आहे. अंतराळवीर एलिसन ओनिझुका याच बेटावरचा, १९८६ च्या चॅलेंजर अपघातात गेला, त्याच्या नावाने. तिथे पाटी आहे की निदान अर्धा तास थांबा, शरीराला सवय होऊ द्या. समुद्रसपाटीवरून तासाभरात इतकं वर येणं चांगलं नाही आणि शिखर तर ४,२०० मीटरवर. बाबा सावकाश पाणी पीत एकेक फलक वाचत फिरू लागले. पोलिआहूच्या फलकापाशी त्यांनी मला हाक मारली. ही या डोंगराची बर्फाची देवी. ती मैत्रिणींबरोबर उतारावर घसरगाडी खेळत होती, तेव्हा एक अनोळखी सुंदर बाई खेळायला आली. ती होती पेले, ज्वालामुखीची देवी. जमीन तापली, आग उसळली, पोलिआहूच्या पांढऱ्या वस्त्राचे काठ जळाले. ती शिखराकडे पळाली, तिथून तिने बर्फ फेकला आणि लाव्हा गोठवला. तेव्हापासून उत्तरेचा डोंगर हिचा, दक्षिणेचे तिचे. हा तर चक्क टॉर्कोल आणि नाइनटेल्सचा सामना, असं मी मनात म्हणालो. आणि घड्याळ बघितलं.

"चला बाबा, सूर्यास्त चुकेल."

"अर्धा तास झाला?"

"झाला." बारा मिनिटं झाली होती. रस्त्यावरच्या रेंजरनेही गाडी तपासून तेच विचारलं, त्यालाही मी हो म्हणालो.

पुढे कच्चा चढ. खडी, धूळ, एका बाजूला उतार. शिखराजवळ जुन्या बर्फाचे दोन-तीन डाग दिसत होते, व्हिडिओपुरते पुरेसे. साधारण साडेतीन हजार मीटरवर माझं डोकं ठणकू लागलं. मी बोललो नाही. मग मळमळ. मग बाबांनी सहज विचारलं किती वाजले, आणि मी समोरचे आकडे बघितले, पुन्हा बघितले, आणि मला ते सांगता येईनात. आकडे दिसत होते, त्यांची वेळ होत नव्हती. एका वळणावर गाडी रस्त्याच्या मधोमध आली हे मला नंतर कळलं.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांना काहीच होत नव्हतं. "तोंड पांढरं पडलंय तुझं. वळव की गाडी."

"अजून थोडंच—"

"मला गाडी येत नाही. तुला इथं काही झालं तर मी काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबांचा आवाज घाबरलेला ऐकला. रुंद जागा बघून गाडी वळवली आणि पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक तापू न देता, अर्धा पाऊण तास खाली आलो. बाबा मोठ्याने प्रत्येक वळण सांगत होते. "डावीकडं. हळू. आता सरळ." केंद्रावर आल्यावर मी पायरीवर डोकं धरून बसलो. त्यांनी पिशवीतून आईने दिलेल्या दशम्या काढल्या. रेंजरला मी खरं सांगितलं. तो रागावला नाही, फक्त अजून तासभर इथेच बसा म्हणाला. खाली ढगांचा समुद्र गुलाबी झाला होता. मी त्याचाही फोटो काढला नाही.

हिलोला परतल्यावर भाच्याचा मेसेज होता. "बर्फ?" मी लिहिलं, "नाही जमलं. माझी घाई झाली." त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा, हे वाईट.

दोन दिवसांनी वारा फिरला. हिवाळ्यात कधीकधी नेहमीच्या उलट दिशेने, नैर्ऋत्येकडून, एक वादळ येतं. त्याला इथे 'कोना लो' म्हणतात. त्याची चाल मंद असते, आलं की मुक्काम ठोकतं, आणि त्याच्यापुढे व्यापारी वाऱ्यांचं काही चालत नाही. रात्रभर हिलोच्या पत्र्यांवर पाऊस कोसळला. बातम्यांत सांगितलं, शिखराचा रस्ता बंद, वर बर्फ.

परतीच्या दिवशी पहाटे पाऊस थांबला. आम्ही तिघं खाडीकाठच्या लिलिउओकलानी बागेत गेलो. साडेसहाच्या सुमारास ढग बाजूला झाले. समोर समुद्र, नारळाची झाडं, आणि त्यांच्या मागे, वर, सगळा पांढरा माथा. आई स्वेटर घालून उभी होती. "आहे की रे खरंच," म्हणाली, आणि मग दहा मिनिटं काहीच बोलली नाही. तिच्या मानाने हे फार झालं.

कोल्हिणीबद्दल खेळात एक माहिती दिली आहे, ती मी त्यांना तेव्हा सांगितली. ती मूळची अलोलाची नव्हे, माणसांबरोबर बाहेरून आली. खालच्या जागा इतरांच्या होत्या, म्हणून वर डोंगरात गेली आणि तिथे राहून राहून तिचा रंगच बदलला. बाबा हसले. "आपल्या पणजोबांसारखंच की. कोकणातून बेळगावात." आमचा रंग काही बदलला नाही, मराठी तेवढी बदलली.

मी व्हिडिओ काढून पाठवला. बेळगावात रात्रीचे दहा वाजून गेले होते. लगेच उत्तर आलं, "भारी! खेळतोस का मामा? एकच."

विमानाला वेळ होता. बागेतल्या बाकावर बसून खेळायला घेतलं. यादीत त्याचे सहा दिसले, मी नीट बघितलेच नाहीत, लक्ष डोंगराकडे होतं. सलामीला सवयीने नाइनटेल्स पाठवली. मैदानात बर्फ पडला, आणि लगेच पाऊस. समोर पेलिपर उभा होता.

"मामा," मेसेज आला, "काय करायलास?"