सामाईक दरवाजा

आमचं खंडाळा लोणावळ्याशेजारचं नव्हे. 'गुलाम'मधलं गाणं आहे ते त्या दुसऱ्या खंडाळ्याचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, पारगाव-खंडाळा. पुण्याहून निघालं की नीरा नदी ओलांडायची, शिरवळ मागे टाकायचं आणि समोर खंबाटकीचा घाट दिसायला लागला की उतरायचं. ऑफिसात प्रत्येक नव्या माणसाला हे सांगावं लागतं, म्हणून इथेही आधीच सांगून टाकलं.

गेल्या दिवाळीला घरी गेलो ते बाहेरची बाजू रंगवायची ठरवूनच. घर पणजोबांनी बांधलेलं. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची जाड भिंत, मधोमध सागवानी दरवाजा. डावा अर्धा भाग आमचा, उजवा तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हापासून पप्पा आणि तात्या बोलत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही हे कुणी सांगावं लागत नाही. आमची बाजू केशरी, त्यांची पिस्ता. दोन रंगांमधली रेघ दरवाज्याच्या बरोबर वर, ओळंबा धरून मारलेली.

वाटणीपत्रात दरवाज्यापुढे एकच शब्द आहे, सामाईक. त्यामुळे अकरा वर्षांत त्याला कुणी ब्रश लावला नाही. आपण लावला तर पलीकडच्याचं फुकटात होतं, हा हिशोब दोन्हीकडे. उंबऱ्याला मात्र रोज दोनदा हळदकुंकू लागतं. आधी काकूचं, मग आईचं.

तयारी म्हणून मी महिनाभर यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे डेक रंगवायचे व्हिडिओ बघत होतो. डेक म्हणजे घरामागचा उघड्यावरचा लाकडी ओटा. (सॉफ्टवेअरवाल्याला कुठल्याही कामाआधी ट्यूटोरियल लागतं, त्याला इलाज नाही.) त्या लोकांचा मुख्य वाद आपल्याही कामाचा आहे. लाकडावर थर चढवायचा, की लाकडाला पाजायचं? ऑइलपेंट आणि वार्निश थर धरतात. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, थराला तेवढं ताणता येत नाही. बारीक चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि थराखालीच अडकतं. वरून चकचकीत, आतून कुजलेलं. तेल किंवा पातळ स्टेन लाकडात मुरतो. त्याचे पोपडे निघत नाहीत, तो नुसता फिका होतो. फिका झाला की पुन्हा पाजायचा.

हे समजलं आणि माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून आमच्या बाजूला महागडा प्लास्टिक इमल्शन मीच मारून घेतला होता. आता जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत त्याला फुगे आलेले, हात लावला की केशरी पापुद्रा हातात. तात्यांचा पिस्ता चुन्यातला आहे. पावसाने डागाळलाय, उडालाय, पण पोपडा नाही. कारण साधं आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि ती कुठून तरी बाहेर पडावी लागते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन भिंतीवरच पुन्हा चुनखडी होतो, पण ओल सुटायला वाट ठेवतो. माझ्या इमल्शनने ती वाट बंद केली होती. तेव्हा पेंटर म्हणाला होता, "मातीला चुनाच बरा." मी त्याला ब्रोशर दाखवलं होतं.

तात्यांची भिंत बरोबर आणि आपली चुकली, हे पप्पांना सांगणं सगळ्या कामात अवघड गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरवड. पण त्या दरवाज्याला हात लावू नकोस."

"का?"

"एकट्याचा नाही तो."

"दोघांचा आहे म्हणून सडू द्यायचा?"

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॉलिश पेपर घेऊन दरवाज्याशी बसलो. मास्क लावला होता आणि पेपर पाण्यात बुडवून घासत होतो. भारतात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांमध्ये काय असेल ते दिसत नाही, तेव्हा कोरडी धूळ उडवायची नाही. चॉकलेटीखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा. आमच्याकडे घर रंगतं ते लग्नाला. निळा आजोबांच्या वेळचा असावा. हिरवा आत्याच्या लग्नातला. चॉकलेटी तात्यांच्या लग्नातला, तो दोघा भावांनी रात्री कंदील टांगून मारला होता, असं आई म्हणाली. पप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. पान उलटत नव्हते.

लाकूड उघडं पडलं तेव्हा खालच्या चार बोटांत काळं आणि मऊ लागलं. बाकी साग ठणठणीत. मी बेलतेलात थोडं टर्पेंटाइन घालून पहिला हात सुरू केला. बेलतेल म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि ते होताना उष्णता सोडतं. म्हणून तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. पप्पांना ही थाप वाटली. मी कोपऱ्यातल्या बोळ्याला हात लावायला सांगितला. कोमट होता. त्यांनी स्वतः उठून सगळ्या चिंध्या तारेवर एकेक पसरून टाकल्या.

संध्याकाळी तात्या शेतातून आले, दरवाज्यात थांबले. वास घेतला असावा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खालनं पाज आधी. पाणी खालनंच चढतंय."

बरोबर होतं. फळीची टोकं सर्वात जास्त पाणी पितात आणि तिथेच ब्रश जात नाही. फळ्या काढायच्या तर चार माणसं हवीत. शेवटी चुलतभावाला हाक मारली. जुन्या धोतराची लांब पट्टी तेलात बुडवून फळीखालच्या फटीतून ओवली. एक टोक त्याच्याकडे आत, एक माझ्याकडे बाहेर. करवत ओढावी तसं अर्धा तास ओढत होतो. दोन्ही ओसऱ्यांवर माणसं होती, कुणी कुणाशी बोललं नाही.

दोन दिवसांनी दुसरा हात झाला. साग मधासारखा दिसायला लागला. त्या रात्री चुलतभावाचा मेसेज, 'बिल किती झालं?' मी हार्डवेअरच्या दुकानातल्या बिलाचा फोटो पाठवला. तेल, टर्पेंटाइन, दोन ब्रश, पॉलिश पेपर मिळून ९४६ रुपये. पाच मिनिटांत तात्यांच्या नंबरवरून ४७३ रुपये आले. खाली एवढंच लिहिलेलं, 'दरवाजा'.

पाचशे पाठवले असते तर मला बरं वाटलं असतं की वाईट, अजून ठरवता येत नाही.

पप्पांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. "तेल किती उरलंय?"

"अर्धा लिटर असेल."

"मग पाव लिटर त्याचं."

मी बिसलेरीच्या बाटलीत मापून पाव लिटर ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि पलीकडच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.