जोगियो!

सोल, रात्री उशिरा.

ग्वांगजांग बाजार 1905 सालचा, पण संध्याकाळी अजून पाय ठेवायला जागा नसते. जात्यावर दळलेल्या मुगाचं धिरडं, बिंदेत्तोक, तेलात चुरचुरत होतं, ठेल्यावरच्या आजी उलथन्याने कडा दाबत होत्या. अशा गडबडीत हाक मारायला ‘जोगियो’, आणि हवं त्याकडे हात करून ‘इगो जुसेयो’, म्हणजे हे द्या ना. शेवटचा ‘यो’ गाळू नये. अनोळखी माणसाशी त्याशिवाय बोलणं म्हणजे थेट अरेतुरे. ताटली दोन्ही हातांनी घेतली, मान किंचित झुकवून ‘काम्साहाम्निदा’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं. आजी हसल्या नि कांद्याचं लोणचं आणखी वाढलं.

मला सर्वांत भावतो तो निरोप. निघणाऱ्याने ‘आन्न्योंगी गेसेयो’ म्हणायचं, सुखाने राहा. मागे राहणारा म्हणतो ‘आन्न्योंगी गासेयो’, सुखाने जा. गल्ल्यावरच्या परक्या माणसाचंही रोज असं भलं चिंतायचं, हे किती छान! पाठ करायचंच तर आधी हे करावं. वाट विचारताना ‘सिल्लेहाम्निदा’ने (माफ करा) सुरुवात, मेट्रोच्या गर्दीतून उतरताना ‘जामशिमान्यो’ (जरा थांबा), एवढं पुरतं. उद्या सकाळी बुसानची गाडी. तिथली बोली वेगळी, पण हे शब्द तिथेही चालतात.