तेहेतीस टक्के, पण कोणते?



मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी आणि आमच्या माळेगाव बुद्रुकमध्ये लग्नसराई जोरात. संध्याकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते, तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता सासर गावातच, पदरात एक मुलगी आणि घराच्या पुढच्या खोलीत छोटंसं पार्लर.

"मॅडम, मला परत विज्ञान शिकवता का?"

मला आधी हसू आलं. मग एकदम आठवलं. ती दहावीला असताना पालकसभेत मी तिच्या आईला म्हणाले होते, "हिला विज्ञान काही झेपायचं नाही. पास झाली तरी पुष्कळ." ती मागे उभी राहून ऐकत होती. ते तिच्या लक्षात आहे की नाही, मी विचारलं नाही. माझ्या लक्षात होतं.

झालं होतं असं, की तिने आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजीच्या एक वर्षाच्या कोर्सला प्रवेश घेतला होता. रोज बारामतीला जाऊन-येऊन, घर आणि पार्लर सांभाळून. जुलैत परीक्षा. थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर, चार पर्यायांतून एक निवडायचा. थिअरीला पास व्हायला ३३ टक्के लागतात आणि प्रॅक्टिकलला ६०. प्रॅक्टिकलची तिला काळजी नव्हती. "थ्रेडिंग तर मी झोपेत करीन, मॅडम. पण ती थिअरी! सगळे शब्द इंग्रजी, डोक्यावरून जातात. तुम्ही फक्त तेहेतीस टक्के काढून द्या, बास."

मीही तसाच हिशोब केला. दहावीच्या काठावरच्या मुलांसाठी आपण करतोच की. कुठला धडा सोडला तरी चालेल, कुठल्या आकृतीला हमखास मार्क. पुस्तक घेऊन बसलो.

पहिला धडा त्वचेची रचना. बाह्यत्वचेचे पाच थर. खालून वर बेसल, स्पायनोसम, ग्रॅन्युलोसम, लुसिडम, कॉर्नियम. तिने वहीत दहा वेळा लिहून आणले आणि अकराव्या वेळी चुकली. मग मी म्हटलं, "लिहू नको. 'बाई सकाळी गरम लापशी करते' एवढंच म्हण." ब, स, ग, ल, क. ती खळखळून हसली आणि पुन्हा कधी चुकली नाही. पण पाठ होणं म्हणजे कळणं नव्हे. "पेशी सगळ्यात खालच्या थरात तयार होते," मी सांगितलं, "आणि वर सरकत सरकत साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावर येते. तोवर ती मेलेली असते. भाकरीचा वरचा पापुद्रा असतो ना, तसा तो थर." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आठवड्याला स्क्रब मागणाऱ्या बायकांचा पापुद्रा तयार व्हायच्या आतच मी काढते होय?" हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

दुसरा धडा पीएच. इथे तर दहावीलाही ती अडखळायची. मी एक जुना पांढरा कपडा घेतला, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला. त्यावर कपड्याच्या साबणाचं पाणी टाकलं, लालभडक डाग. त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. मग तिने पार्लरमधला फेसवॉश आणला. त्याच्या थेंबाने रंग बदलला नाही. ती म्हणाली, "अय्या, हळदीच्या दिवशी नवरीची साडी साबणाने धुतली की डाग लाल होतात, ते हेच!" वर्षानुवर्षं डोळ्यासमोर असलेलं विज्ञान तिला त्या दिवशी दिसलं. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल, आणि त्यामुळे बरेच जंतू तिथे टिकत नाहीत. साबणाचा ९ ते १०. एकेक अंक म्हणजे दहापट फरक. पाच ते नऊ म्हणजे दहा हजारपट. हे तिने स्वतः बोटांवर मोजलं.

तिसरा धडा स्वच्छता. पुसणं वेगळं, जंतू कमी करणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. ऑटोक्लेव्हचे आकडे, १२१ अंश सेल्सियस, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं, तिला लक्षात राहीनात. मी म्हटलं, "तुझा कुकर काय करतो? वाफ कोंडली की पाणी शंभराच्या वर तापतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मापात बसवलेला कुकर." आकडे बसले. पण पुढे ती जे बोलली ते ऐकून मी गार पडले. "आमच्याकडे सगळ्याच जणी चिमटा डेटॉलच्या ग्लासात बुडवून पुढच्या बाईला वापरतात. मीपण."

त्या रात्री माझा ३३ टक्क्यांचा हिशोब मोडला. समजा, तिने थर आणि पीएच केले आणि स्वच्छतेचा धडा सोडला. तरी ती पास. परीक्षेच्या दृष्टीने काही बिघडत नाही. बिघडेल ते तिच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईचं.

आणि आपल्याकडे तिला अडवणारं दुसरं कुणी नाही, हेही ध्यानात घ्या. अमेरिकेत त्वचेचं काम करायला राज्याचं लायसन्स लागतं. कॅलिफोर्नियात त्यासाठी ६०० तासांचं शिक्षण आणि वर परीक्षा. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना दिली की पुरे. तुम्हाला त्वचेतलं काय कळतं, असं तो कायदा विचारत नाही. माझ्या विद्यार्थिनीनेही कोर्सच्या आधी तीन वर्षं पार्लर चालवलं होतं. म्हणजे ही परीक्षा तिने स्वतःहून ओढवून घेतली होती, आणि मी तिला त्यातून पळवाट शिकवायला बसले होते. मग आम्ही ठरवलं, एकही धडा सोडायचा नाही.

आता जे सांगते ते लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला.

जूनचा दुसरा आठवडा. धडा होता 'कोणत्या वेळी उपचार करू नये'. मी वाचत होते, ती ऐकत होती. नायटा असेल तर नाही. ताजं वॅक्सिंग झालं असेल तर त्यावर ब्लीच नाही. कोड संसर्गजन्य नाही, त्या बाईला परत पाठवायचं नाही. मात्र घासणं-खरवडणं टाळायचं, कारण जखमेच्या जागी नवा डाग येऊ शकतो. स्टेरॉइडचं मलम बरेच दिवस लावत असेल तर त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात आग होते, लव वाढते, अशा चेहऱ्यावर ब्लीच-फेशियल नाही.

वाचून मान वर केली तर ती माझ्याकडे बघत होती. पुस्तकाकडे नाही, माझ्या गालाकडे.

"मॅडम, रागावू नका. तुम्ही तोंडाला काय लावता?"

मला राग आला. आलाच. वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईला काठावर पास झालेली मुलगी विचारते! पण आत जाऊन ट्यूब आणली. धाकट्याच्या वेळेपासून गालावर वांग आहे. ओळखीतल्या एकीने हे मलम सांगितलं, मेडिकलमधून आणलं, महिन्यात चेहरा उजळला. मग दीड वर्ष लावत राहिले. तिने ट्यूब उजेडात धरली आणि बारीक अक्षरं जुळवत वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. "हे शेवटचं स्टेरॉइड आहे, मॅडम. आणि ही खाली चौकटीतली सूचना. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही."

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत घातली, हे मला नंतर कळलं. पण ट्यूबवरचं ते वाक्य दीड वर्ष माझ्या आरशाशेजारी होतं. मुलांना मी पाठ्यपुस्तकातलं अक्षर न् अक्षर वाचायला लावते. स्वतःच्या तोंडाला लावायचं मलम मात्र कधी वाचलं नाही.

पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं. मी तिला म्हटलं, "बरं, लग्नापुरतं हलकं फेशियल तरी कर." ती म्हणाली, "नाही करणार, मॅडम. दुसरं काहीही सांगा." दहावीत फळ्यापाशी यायला घाबरणारी मुलगी तोंडावर 'नाही' म्हणाली. मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितलं, हे एकदम बंद केलं की चेहरा लाल होतो, जळजळतो, आणि बायका घाबरून पुन्हा तेच लावतात. त्यांच्या सल्ल्याने हळूहळू बंद केलं. भाचीच्या लग्नातल्या फोटोंत माझे गाल लाल आहेत. वांग परत आलंय. आता सकाळी सनस्क्रीन आणि डोक्यावर छत्री, एवढंच.

माझं निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली होती. तपासणीत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा सापडला. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, ती घेऊच नये, एवढं तरी आपण मुलींना सांगू शकतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी तीन गोष्टी बदलल्या. नववीला पीएच शिकवताना लिटमसच्या आधी हळदीचा कपडा काढते. दर शनिवारी मुलं घरून एक रिकामं वेष्टन आणतात, साबणाचं, क्रीमचं, औषधाचं, आणि आम्ही ते मोठ्याने वाचतो. मुलगेसुद्धा, कारण गोरं करणारी क्रीमं तेही लावतात. आणि तिसरी गोष्ट, पालकसभेत 'झेपायचं नाही' हा शब्द मी वापरत नाही.

पालकहो, मुलीला पार्लरमध्ये पाठवताना तीन प्रश्न जरूर विचारा. नवीन काही लावण्याआधी एक दिवस अगोदर कानामागे थोडं लावून बघता का? चिमटा, कात्री कशी निर्जंतुक करता? ही क्रीम कशाची आहे, डबी दाखवता का? चिडून उत्तर मिळालं तर उठून या.

परीक्षा झाली. निकाल अजून लागायचा आहे. पेपर देऊन ती सरळ माझ्याकडे आली होती. "मॅडम, ऑटोक्लेव्हचं आलं होतं. आणि पार्लरसाठी मी कुकरसारखाच छोटा ऑटोक्लेव्ह बघून ठेवलाय. महाग आहे, दिवाळीपर्यंत घेईन." मग जाता जाता थांबली, माझा गाल निरखला आणि म्हणाली, "पहिल्यापेक्षा बरा आहे. पण छत्री विसरू नका."