चार टाचण्यांची नोटीस

1998च्या जुलैत मी एम.ए. इंग्रजीला विद्यापीठात आलो. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे तालुक्याच्या कॉलेजात ‘स्पेशल इंग्लिश’ घेऊन बी.ए. हार्डी वाचला होता, शेक्सपिअर घोकला होता. इंग्रजी नोटीस मात्र स्वतः कधी वाचली नव्हती. आमच्या कॉलेजात शिपाई नोटिशीची वही घेऊन वर्गात यायचा आणि सर ती मराठीत सांगून मोकळे व्हायचे.

इथे सांगणारं कुणी नव्हतं. विभागाच्या जिन्याजवळ जाळीच्या दाराचा बोर्ड होता, त्यावर सगळा मजकूर इंग्रजीत. दुसऱ्याच आठवड्यात ऑप्शनच्या फॉर्मची नोटीस लागली. मला अमेरिकन साहित्य घ्यायचं होतं. नोटिशीत शेवटी म्हटलं होतं, शुक्रवारनंतर आलेले फॉर्म ‘एंटरटेन’ केले जाणार नाहीत. एंटरटेन म्हणजे करमणूक, एवढं मला पक्कं ठाऊक. फॉर्मची करमणूक कोण कशाला करील? इथले प्राध्यापक विनोदी दिसतात, असं म्हणत मी गावी गेलो आणि सोमवारी फॉर्म घेऊन हजर झालो. क्लार्कनं तो हातातही धरला नाही. माझ्या वाट्याला भाषाविज्ञान आलं.

रूम पार्टनर पोट धरून हसला. विभागातले शिपाईमामा हसले नाहीत. “टाचण्या मोजल्या नाहीस व्हय रे?” एवढंच म्हणाले.

मामांना इंग्रजीचं अक्षर लागत नव्हतं, पण नोटिसा लावायचे तेच. हिरव्या शाईतली सही असली, क्लार्कनं दोनदा बजावलं, की ते चारही कोपऱ्यांना टाचण्या ठोकत. पाहुण्यांच्या व्याख्यानाची नोटीस दोन टाचण्यांवर फडफडत राही. एका टाचणीवर लोंबणारा कागद म्हणजे कुणाची तरी हरवलेली छत्री. हे एकदा कळल्यावर मी आधी टाचण्या बघू लागलो, मजकूर मागून. दोन वर्षांत पुन्हा एकही तारीख चुकली नाही. तास होणार की नाही हेही मामांनाच आधी कळे. सरांनी चहा सांगितला नाही म्हणजे सर आलेले नाहीत.

प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट-सेट परीक्षांचं मात्र बोर्डावर काहीच नसे. त्यासाठी ग्रंथालयात रोजगार समाचार चाळायचा. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, ती पुणे विद्यापीठ घेतं. नेटचा तिसरा पेपर तेव्हा लेखी उत्तरांचा होता, तो 2012 साली बहुपर्यायी प्रश्नांचा झाला. त्यात काय विचारतात, हे जाणून घ्यायला कँटीनमध्ये सीनियरला चहा पाजावा लागे. खबर फुकट मिळत नसे, त्यामुळे विसरतही नसे.

आता मी एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानं ‘स्पेशल’ गेलं, ‘मेजर’ आलं, त्यामुळे पोरांना निवडी आमच्यापेक्षा जास्त आणि नोटिसाही जास्त. सगळ्या व्हॉट्सॲपवर पडतात. सणाच्या शुभेच्छा, वेळापत्रक आणि परीक्षेचा फॉर्म तिथे एकाच मापाचे दिसतात, कुणाला किती टाचण्या ते कळायला मार्ग नाही. मी महत्त्वाच्या मजकुराआधी चार लाल ठिपके टाकून पाहिले. महिन्याभरात पोरं वाढदिवसालाही लाल ठिपके टाकू लागली.

यंदा मेजर निवडीची नोटीस मी स्वतः लिहिली, मराठीत: शुक्रवारनंतर अर्ज घेतला जाणार नाही. सोमवारी सहा जण अर्ज घेऊन दारात. पाच जणांनी नोटीस उघडलीच नव्हती. सहावीनं वाचली होती. ती म्हणाली, “सर, मला वाटलं पुढचा शुक्रवार.”

मी नोटिशीत तारीख घालायला विसरलो होतो.