वीस वार

मुलाकडे विस्कॉन्सिनला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथे शरदात धनुष्यबाणाने हरणं मारायचा परवाना मिळतो. शेजारचे आजोबा रोज अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर नेम धरत. चाळीस वारांवरूनही बाण मधोमध! (वार म्हणजे आपल्या नऊवारीतला, तीन फुटांचा.) पण रानात मात्र वीस वारांपलीकडे सोडत नाहीत म्हणे. मी कारण विचारलं.

"गठ्ठा दचकत नाही," ते म्हणाले.

बाण सेकंदाला साधारण ३०० फूट जातो, आवाज ११०० फूट. दोरीचा आवाज आधी पोचतो, हरिण पळण्यासाठी खाली दबतं आणि छातीवरचा नेम भलतीकडे लागतो. वीस वारांना सेकंदाचा पाचवा भाग लागतो, चाळीसला दुप्पट. तेवढा वेळ हरणाला पुरतो. असंच एक जखमी हरिण त्यांना रात्रभर शोधूनही सापडलं नव्हतं. तेव्हापासून वीस.

मंडळी, शिकार मला अजूनही पटलेली नाही. पण त्या रात्री झोप लागेना. वर्गात मी टोमणे फार मारायचे, मुलं हसायची. एक मुलगा त्यानंतर शाळेत आलाच नाही. मी त्याला शोधायलासुद्धा गेले नव्हते.