गळ्यातली चिठ्ठी

रायपूरहून दुर्गमार्गे दक्षिणेकडे निघाले, की शंभरेक किलोमीटरवर बालोद लागते. आणि बालोदपासून थोड्याच अंतरावर खपरी नावाचे खेडे आहे. या खेड्यातले जुने दगडी देऊळ नागवंशी राजवटीतले, चौदाव्या-पंधराव्या शतकातले मानले जाते. राज्य शासनाच्या संरक्षित स्मारकांत त्याची गणना होते. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि तिथेच कुत्र्याची मूर्ती आहे. लोक या देवळाला कुकुरदेव म्हणतात. डांग्या खोकला झालेल्या मुलाला येथे आणतात; कुत्रा चावलेला माणूसही या देवळाला प्रदक्षिणा घालून जातो.

देवळाशी निगडित असलेली कथा छत्तीसगडात सर्वश्रुत आहे. एका बंजाऱ्याजवळ इमानी कुत्रा होता. दुष्काळ पडला, बंजाऱ्याला सावकाराकडून कर्ज घ्यावे लागले, आणि तारण ठेवण्याजोगे दुसरे काहीच नसल्यामुळे त्याने कुत्रा गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कुठे दडवला हे कुत्र्याने पाहिले होते. सकाळी त्याने सावकाराला तिथवर ओढत नेले आणि सारा माल सापडला. प्रसन्न झालेल्या सावकाराने घडलेली हकीकत कागदावर लिहिली, कर्ज फिटल्याचे कळवले, चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा धावत मूळ धन्याकडे आला. त्याला दुरून येताना पाहून बंजाऱ्याला वाटले, हा सावकाराकडून पळून आला. याने आपला शब्द घालवला. त्याने हातातली लाठी कुत्र्यावर घातली. कुत्रा मेल्यावर त्याचे लक्ष गळ्यातल्या चिठ्ठीकडे गेले. त्याने कुत्र्याची समाधी बांधली. देऊळ त्या जागी नंतर उभे राहिले.

लोककथांच्या अभ्यासकांना हे कथाबीज परिचित आहे. कर्जासाठी तारण राहिलेल्या इमानी कुत्र्याची कथा भारतात अनेक ठिकाणी सांगितली जाते, आणि आंतरराष्ट्रीय कथासूचीत तिला स्वतंत्र स्थान आहे. तिची सख्खी बहीण पंचतंत्रात आहे. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहून ब्राह्मणी त्याला मारते आणि मग पाळण्याजवळ जाते. वेल्समध्ये हीच कथा गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्याची होते. फ्रान्समध्ये तेराव्या शतकात गिनफोर या कुत्र्याच्या थडग्यापाशी आया आपली आजारी मुले घेऊन जात. एतिएन द बूर्बाँ या धर्मोपदेशकाने ही प्रथा नोंदवली आणि ती बंद पाडण्याचा प्रयत्नही केला. खपरी आणि फ्रान्समधले ते गाव यांचा परस्परांशी काही संबंध असण्याचे कारण नाही. तरीही दोन्हीकडे निरपराध मारल्या गेलेल्या कुत्र्याकडे माणसे आपली मुले घेऊन गेली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

या सर्व कथांत मारणारा क्रूर नाही, हे विशेषत्वाने लक्षात घ्यावयास हवे. बंजाऱ्याचे कुत्र्यावर प्रेम होते. ब्राह्मणीने मुंगूस पोटच्या पोरासारखे वाढवले होते. त्यांच्या हातून जे घडले त्याचे मूळ घाईत आहे. हातात शस्त्र आहे, मनात भीती किंवा अपमान आहे, आणि समोरचा प्राणी बोलू शकत नाही. अशा वेळी पाहणे आणि मारणे यांमध्ये जो एक क्षण असावयास हवा, तो नाहीसा होतो. चिठ्ठी त्या क्षणाची खूण आहे. ती गळ्यात होती; फक्त वाचली गेली नव्हती.

खपरीची कथा एका माणसाची आहे. हाच प्रसंग शासनाच्या हातून घडतो, तेव्हा त्याचे स्वरूप बदलते. मराठी मुलखाच्या इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण १८३२ सालच्या मुंबईत सापडते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाले होते. शहरात मोकाट कुत्र्यांचा उपद्रव फार होता, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी कोणताच इलाज नव्हता. लुई पाश्चरची लस येण्यास अद्याप त्रेपन्न वर्षे होती. उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच अस्तित्वात होता. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत होते.

इनामाने जे व्हावयाचे तेच झाले. मोकाट कुत्रे पकडण्यास मेहनत पडते. घराच्या ओट्यावर निजलेले, माणसाळलेले कुत्रे सहज हाती लागते. कुत्री मारणारे लोक घरांच्या आवारात शिरू लागले. पारशी समाजाच्या दृष्टीने हा केवळ मालमत्तेचा प्रश्न नव्हता. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाचा एक संपूर्ण अध्याय कुत्र्याविषयी आहे, आणि मृत माणसाच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, असा ‘सगदीद’ नावाचा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. ६ जून रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटाच्या भागात सुमारे दोनशे लोकांच्या जमावाने दोघा युरोपीय कॉन्स्टेबलांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या गोऱ्या फौजेची रसद अडवण्यात आली. अखेर सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली, खटले चालले. पण पुढे कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेण्याची तजवीज झाली. आणि दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. तो आजही चालू आहे.

कॉन्स्टेबल दुष्ट होते, असे या प्रकरणातून दिसत नाही. त्यांना आज्ञा होती, मुदत होती आणि भाव ठरलेला होता. या कुत्र्याला धनी आहे का, हा प्रश्न विचारण्याचा मोबदला मात्र कुणी ठेवला नव्हता. उलट तो विचारल्यास आठ आणे बुडत होते. बंजाऱ्याने चिठ्ठी रागाच्या भरात वाचली नाही. मुंबईत ती न वाचण्याची व्यवस्थाच करून ठेवली होती.

कायद्याच्या भाषेत कुत्र्याचा जीव पुढेही बराच काळ रुपयांतच मोजला गेला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने जनावर मारण्याच्या अपराधाची दोन कलमे केली. एक दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जनावरासाठी होते; दुसरे, अधिक शिक्षेचे कलम हत्ती, घोडा, गाय, बैल यांच्यासाठी आणि पन्नास रुपयांवरच्या इतर जनावरांसाठी होते. ज्या गावठी कुत्र्याला बाजारात कुणी दहा रुपयेही देणार नाही, तो या मापात कुठेच बसत नव्हता; मग त्याने घराची राखण दहा वर्षे केलेली असो. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातही जाहीर सूचना देऊन रस्त्यावरची मोकाट कुत्री मारण्याची तरतूद राहिली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची ही अट गेली. कोणतेही जनावर मारणे हा आता पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. आठ आण्यांपासून येथवर येण्यास जवळजवळ दोन शतके लागली.

भारतातला सामान्य शिपाई बहुधा लाठी बाळगतो. म्हणून पोलिसांनी घरातले कुत्रे गोळी घालून मारल्याचे प्रसंग आपल्याकडे विरळ. अमेरिकेत मात्र प्रत्येक गस्तीच्या शिपायाच्या कमरेला पिस्तूल असते, आणि तिथे हा एक मोठा सार्वजनिक प्रश्न झाला आहे. २९ जुलै २००८ रोजी मेरिलँड राज्यातल्या बर्विन हाइट्स या लहानशा गावी महापौर चेय कॅल्व्हो यांच्या घरावर सशस्त्र पोलीस पथकाने छापा घातला. त्यांच्या पत्नीच्या नावे चौदा-साडेचौदा किलो गांजाचे पार्सल आले होते. निरपराध माणसांच्या पत्त्यांवर माल पाठवून तो वाटेतच उचलण्याची तस्करांची ती युक्ती होती, आणि कॅल्व्हो दांपत्याला तिचा पत्ताही नव्हता. पथकाने दार फोडले आणि पेटन व चेस ही घरातली दोन्ही लॅब्राडॉर कुत्री गोळ्या घालून मारली. महापौर आणि त्यांच्या सासूबाई यांना हात बांधून बसवून ठेवण्यात आले. गावच्या स्वतःच्या पोलीसप्रमुखाला या छाप्याची आगाऊ कल्पना दिलेली नव्हती. पार्सलावरचे नाव तेवढे वाचले गेले. ते कुणाचे आहे हे कुणाला विचारले गेले नाही. पुढच्या वर्षी मेरिलँडने अशा पथकांना आपल्या कारवायांचा नियमित हिशेब देण्याची सक्ती करणारा कायदा केला.

त्याआधी, २००५ साली, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या एका खटल्यात तिथल्या संघीय अपील न्यायालयाने जो मुद्दा मांडला, तो या विषयाच्या गाभ्याशी जातो. १९९८ सालच्या झडतीत पोलिसांनी घरातली कुत्री मारली होती. घरात कुत्री आहेत हे त्यांना आठवडाभर आधीपासून ठाऊक होते; तरीही त्यांना न मारता काम कसे करावे याची वास्तविक योजना त्यांनी केली नव्हती. अंगावर आलेल्या कुत्र्यापासून स्वतःचा जीव वाचवणे वेगळे, आणि आठवडाभर वेळ असून विचारच न करणे वेगळे, असा या निर्णयाचा आशय होता. घाई ही प्रत्येक वेळी क्षणाचीच असते असे नाही. कित्येकदा ती कचेरीत, टेबलाशी शांतपणे बसूनही होते.

येथे पोलिसाची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. अंधारात अनोळखी अंगणात शिरणाऱ्या माणसावर कुत्रा झेपावतो, तेव्हा त्याला वाटणारी भीती खरी असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य होते, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्याला रोज दारोदार जावे लागते, त्या शिपायाने हे विसरावे असे कोण म्हणेल? पण कुत्र्याची बाजूही तितकीच खरी आहे. अनोळखी माणूस उंबऱ्याशी आला की भुंकणे हे त्याचे काम. त्यासाठीच माणसाने त्याला हजारो वर्षे भाकरी घातली. पोलीस हा तर व्यवसायानेच प्रत्येक दारी अनोळखी. वस्तुतः येथे दोन राखणदार समोरासमोर येतात, दोघेही आपापल्या कामावर असतात. आणि शस्त्र मात्र एकाच्याच हाती असते. म्हणून थांबण्याची जबाबदारीही त्याचीच अधिक ठरते.

पोलिसाला कुत्र्याची ओळख नाही, असेही नाही. मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातल्या झंजीर या कुत्र्याने १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले आणि असंख्य माणसांचे प्राण वाचवले. २००० साली तो कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला सन्मानपूर्वक निरोप देण्यात आला. फुलांनी झाकलेल्या त्या कुत्र्यापुढे सलाम करणाऱ्या अधिकाऱ्याचे छायाचित्र अनेकांच्या स्मरणात आहे. कुत्र्याचे कान, शेपूट, पवित्रा वाचण्याची विद्या पोलीस दलात आहे. ती श्वानपथकाच्या आवारात राहते, ठाण्यापर्यंत पोचत नाही, इतकेच. अमेरिकी न्याय विभागाने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत साध्या शिपायाने कुत्र्याची देहभाषा कशी ओळखावी आणि गोळीवाचून मार्ग कसा काढावा याचेच विवेचन आहे. आणि २०१३ साली कोलोरॅडो राज्याने असे शिक्षण कायद्यानेच अनिवार्य केले.

आपल्या परंपरेत कुत्र्याच्या निमित्ताने थोरांची परीक्षा घेतली गेली आहे. युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. या कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु शिपाई नामदेव होईल या आशेवर राज्य चालवता येत नाही, आणि चालवूही नये. बंजारा एकटा होता. त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने समाधी बांधली. संस्थेला पश्चात्ताप होत नसतो. तिच्यातली माणसे बदलतात, फायली बंद होतात. संस्थेचा पश्चात्ताप नियमाच्या रूपानेच व्यक्त होऊ शकतो: झडतीपूर्वी घरात कुत्रा आहे का हे विचारणे, त्याला बांधण्यास घरच्यांना अवधी देणे, शस्त्र वापरलेच तर त्याची कारणे लिहून ठेवणे. या गोष्टी किरकोळ दिसतात. परंतु पाहणे आणि मारणे यांमधला हरवलेला क्षण त्यांतूनच परत मिळवता येतो. आणि जो शिपाई कुत्र्यासमोर क्षणभर थांबण्यास शिकतो, तो माणसासमोरही थांबण्याची शक्यता अधिक.

छत्तीसगडच्या पोलीस अधिकाऱ्यांचे शिक्षण रायपूरजवळच्या चंदखुरी येथील अकादमीत होते. कायद्याची कलमे तिथे शिकवली जातातच. त्या कलमांच्या शेजारी खपरीच्या बंजाऱ्याची गोष्ट एखाद्या तासाला सांगितली गेली, तर अभ्यासक्रमाला ती जड होणार नाही. ती याच मातीतली आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती लहानपणी आजीकडून ऐकलेलीही असेल. फक्त ती आता लाठी ज्याच्या हाती आहे, त्याच्या बाजूने ऐकावयाची आहे.